अस्वलाचा दुसरा अर्थ

परवा भाजीबाजाराच्या कोपऱ्यात एक बाई सुकलेल्या मोहफुलांची टोपली घेऊन बसली होती. नागपूरच्या त्या गर्दीत, कोथिंबिरीच्या आणि पिकलेल्या केळ्यांच्या वासातून तो वास वेगळा निघून माझ्यापर्यंत आला. गोड, किंचित आंबूस, अंगावर रेंगाळणारा. सोबतच्या सुनेने पदर नाकाला लावला. मी मात्र उभीच राहिले. मोहाच्या वासाबरोबर मला दर वेळी एक चेहरा दिसतो, आणि त्या चेहऱ्याबरोबर, सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही, इंग्रजी शब्द आठवतात.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली असतील. लग्न होऊन मी चिमूरहून धानोऱ्याकडच्या एका खेड्यात आले. धानाची शेती, मातीचे घर आणि बांधाला लागूनच जंगल. माझी नणंद तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. नणंद वयाने लहान असली तरी तिला बाई म्हणायची आमच्याकडे रीत, म्हणून मीही म्हणे. बाई खळखळून हसायची. तिचे हसणे दोन घरे पलीकडे ऐकू जाई आणि सासूबाई ओरडत. तिचे लग्न ठरले होते. वैशाखातला मुहूर्त होता.

चैत्रात मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि उजाडण्याआधी तो वेचायला बायका जातात. त्या फुलांवर अस्वलाचाही जीव. त्या दिवशी बाई सगळ्यांच्या पुढे गेली होती. झाडामागून अस्वल उठले. बायकांनी आरडाओरडा केला, टोपल्या आपटल्या, तेव्हा ते पळाले. पण तोवर त्याचा पंजा तिच्या कपाळापासून ओठापर्यंत उतरला होता. डोळा तेवढा वाचला.

छकड्यातून गडचिरोली, मग डोंग्यातून वैनगंगा, आणि पुढे मोटारीने चांदा, म्हणजे आताचे चंद्रपूर. दवाखान्यात तिच्याजवळ राहायला मी गेले, कारण मला थोडेफार वाचता येत होते. चिमूरच्या शाळेत इंग्रजीच्या पहिल्या दोन पुस्तकांपर्यंत माझी मजल होती. त्या पुस्तकात सिस्टर म्हणजे बहीण, आणि इथे तर सगळा वॉर्ड एका परक्या बाईला सिस्टर म्हणून हाक मारत होता. ती दूर केरळातून आलेली, काळीसावळी, चटपटीत नर्स. तिचे मराठी हिंदीच्या काठाने चालायचे.

"तू अच्छी पेशंट आहे," टाके साफ करताना ती बाईला म्हणे. "पेशंटचा दुसरा अर्थ मालूम आहे? जो धीर धरतो, तो."

बाईने बोलणेच सोडले होते. एका दुपारी मामंजी गावाहून आले, खाटेच्या कडेला बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "बाई, त्याइनं नाई म्हनलं. सोयरीक मोडली." बाईने भिंतीकडे तोंड फिरवले. संध्याकाळी मी पेज घेऊन गेले तर वाटी तिने हाताने दूर सारली.

दुसऱ्या दिवशी नर्सने सारे ऐकले. ती खाटेशी बसली आणि मी हिशेबासाठी आणलेली पाटी मागून तिने चार अक्षरे लिहिली. "हा बेअर. बेअर म्हणजे अस्वल." मी तिला डोळ्यांनी दटावले, तो शब्द आम्ही बाईसमोर उच्चारत नव्हतो. पण ती थांबली नाही. "आणि बेअर म्हणजे सहन करणं. स्पेलिंग पण तेच."

बाई ताडकन उठून बसली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला!

"हे कोनती भाषा होय जी? ज्यानं माहं तोंड फाडलं, त्याचंच नाव सोसन्याले देल्लं? यायले दुसरा शब्द नाई भेटला?"

नर्सला सगळे कळले नसावे, पण ती हसली. मग मी हसले. आणि टाक्यांनी ओढलेल्या ओठाच्या एका कडेने बाईही हसली. संतापातच हसली, पण हसली.

त्या संतापानेच ती शिकू लागली, असे मला आजही वाटते. या भाषेचे आणखी काय काय असे वाकडे आहे, ते तिला बघायचे होते. डिअर म्हणजे हरीण आणि डिअर म्हणजे लाडके माणूस. फ्लॉवर म्हणजे फूल आणि तसाच आवाज काढून पीठ. "मोहाचे फूल वाळवून कुटलं त पीठच होते, हे बराबर हाय," ती गंभीरपणे म्हणायची. कधी ती आपल्याच भाषेकडे वळे. "आपल्यातबी हाय की वहिनी. पान झाडाचं, पान पोथीचं, अन् खायाचं पानही." बोलण्यात रोज येणारे शब्द असे उलटून पाहिले की त्यांची मागची बाजू नवी दिसते, हे मला तिच्यामुळे कळले. एक जोडी मात्र तिला छळायची. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्त. कुठे कोणते अक्षर, ते ती दर वेळी उलटे करायची.

दवाखान्यातून निघताना नर्स म्हणाली, नागपूरला नर्सिंग शिकवतात, थोडे इंग्रजी आले तर घेतील. मामंजींना ते मुळीच पटले नाही.

"आपल्या घरची पोर परक्या लोकाइचे घाव धुवन? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइनं म्हनून झालं बाबा," बाई शांतपणे म्हणाली. "आता मले काय वाटते, ते पाहू द्या."

वर्षभर आम्ही दोघींनी चुलीपुढे पुस्तके वाचली. नागपूरला मीच तिला घेऊन गेले. नर्सिंग शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला आत बोलावून निरखून पाहिले आणि मराठीतच विचारले, "तुझा चेहरा बघून लहान मुले घाबरतील, त्याचे काय?" दार अर्धे उघडे होते, मला बाहेर सगळे ऐकू येत होते.

"मीबी घाबरली होती जी," बाईचा आवाज आला. "दोन दिवस पाह्यलं, मंग सवय झाली. लेकराइले त एकच दिवस लागन."

थोड्या वेळाने ती बाहेर आली. चेहरा पांढरा पडलेला. "वहिनी, त्याइनं वाक्य लिव्हाले सांगतलं. पेशंट वीक हाय, त्याले एक वीक दूध द्या. दोन्ही एकाच वाक्यात!"

"मग?"

"मंग काय. आठवड्याले दोन ई देल्ले, कारन आठवडा लांब असते. अशक्ताले एकच ई, अन् आधाराले ए." आणि ती हसली, पूर्वीसारखी, मोठ्याने. व्हरांड्यातले लोक वळून पाहू लागले.

तिला घेतले. पुढे ती भामरागडकडे सुईण-नर्स म्हणून गेली. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की महिना महिना तिची खबर मिळत नसे, आणि तिथल्या बायका तिला आपलीच समजून सांभाळत.

पहिल्या सुटीवर ती नर्सच्या पांढऱ्या लुगड्यात घरी आली, तो दिवस मला लख्ख आठवतो. मामंजी तिला आणायला मोटारीच्या थांब्यावर गेले. तिची पत्र्याची पेटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. आमचे घर थांब्यापासून जवळ, बांधावरून सरळ वाट होती. पण मामंजी पेटी घेऊन चावडीवरून, देवळावरून, साऱ्या गावाला वळसा घालून आले. ते पुढे आणि बाई मागे. दारात पेटी उतरवून ते मला एवढेच म्हणाले, "सूनबाई, पानी आन. पोर थकून आली."

त्या गावात आता डांबरी रस्ता आहे आणि चावडीच्या जागी दुकाने झाली आहेत. मामंजींच्या त्या वळशाची वाटही राहिली नाही. पण माणूस बदलताना मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि बदलायला त्याला पाव कोसाची चाल पुरली होती.