गंधकाने खाल्लेला गर्डर

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नंतर लिहीन म्हटलं तर राहूनच जाईल! सकाळी दिंडोरी रोडला फिरायला गेलो होतो, एका द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालू होती. वास नाकात गेला आणि नव्वदीतली ती केस अशी समोर आली, की घरी येऊन बूट न काढताच टाईप करायला बसलो.

मी तेव्हा नवा फौजदार. पंचवटीच्या पुढे एक गोडाऊन आगीत कोसळलं, दोन हमाल जखमी. छताचा मधला गर्डर तुटलेला, कडा ब्लेडसारखी पातळ. मालक म्हणाला, "आत फक्त द्राक्षांचे रिकामे खोके होते हो! त्यांनी एवढं लोखंड तुटतं का? वेल्डरने कापून ठेवला असणार, माझं त्याचं भांडण झालंय." तेवढ्यात खबर आली, आदल्या दिवशी वेल्डर गॅस कटर घेऊन तिथे दिसला होता. झालं! पंचनाम्यात मी 'कटरने कापल्यासारखे' लिहिलं, त्याला उचलला, चार दिवसांची कोठडी घेतली.

तो एकच सांगायचा, "साहेब, मी शटर दुरुस्त करायला गेलतो. कटरने कापलं की कडेला लोखंडाचे मणी धरतात. बघा तरी!"

त्याची बायको रोज डबा आणायची. आमचे हवालदार तो उघडून, हुंगून आत सोडायचे.

चौथ्या दिवशी कोठडी संपत आली. उद्या कोर्टात काय सांगू? हवालदारांना घेऊन गर्डरपाशी गेलो. मणी नव्हतेच! आणि पंचनाम्यावर सही माझी.

हवालदारांची घरची द्राक्षबाग. कडेवर बोट फिरवत म्हणाले, "आमच्या बागेतले मांडवाचे लोखंडी अँगल गंधकानं असेच खाल्लेत साहेब. पण त्याला वर्षं लागतात."

"इथे गंधक कुठून येणार?"

"वास तर पहिल्या दिवसापासून येतोय की."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? सीझनला माझ्या टोपीलाबी हाच वास."

मी माझी बाही हुंगली. तोच वास!

ढिगारा उपसला. खाली वितळून दगड झालेलं गंधक, पिवळंधमक. मालकाने विनापरवाना भरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सगळं खरं सांगितलं, वेल्डरला जामीन मिळाला. पण गर्डरचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मला धड झोप नव्हती. शेवटी तिथल्या साहेबांचा फोन आला, "आगीत गंधक तापलेल्या पोलादात शिरलं, की पोलाद एरवीपेक्षा कमी उष्णतेत वितळतं. कडेकडेने खाल्लं जातं. वर्षांचं काम तासांत होतं. कटर लागलेला नाही."

वेल्डर निर्दोष सुटला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बायको मात्र कोर्टाच्या पायरीवर थांबली. "साहेब, चार दिवस माझी भाजी हुंगलीत. तेवढं ते गोडाऊन हुंगलं असतं तर?"

त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक पंचनाम्याला एक तरी पंच बाहेरगावचा घेतला, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारला, "इथे वास कसला येतोय?"

रोजचंच म्हणून समोरचं दिसलंच नाही आणि भोगलं दुसऱ्याने, असं तुमच्या हातून झालंय का कधी? खरंखरं सांगा!