सोफ्याला मॅचिंग चित्र

लातूरच्या आमच्या दुकानात कॅनव्हासवर मॉडर्न आर्ट छापून मिळतं. फ्रेमचा भुसा रोज झाडून निघतो, किस्से मात्र साचतच जातात. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आपण जळत बसतो.

बहुतेक किस्से एकाच चित्राचे आहेत. ते माझे भागीदार सलीमभाई यांचं. ते पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. मग त्यांनी हे एक चित्र काढलं, मातकट रंगावर वरून खाली आलेल्या काळ्या, वाकड्या रेघा. आम्ही ते हव्या त्या मापात छापतो. सलीमभाईंची अट एकच, चित्रात काय आहे ते विचारायचं नाही. कुणीतरी आपणहून ओळखावं, एवढीच त्यांची आस. मलाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

*

एक डॉक्टरीणबाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या. म्हणाल्या, ब्राऊनचं जरा ग्रीन करा. केलं! सलीमभाई तेवढ्यात चहाला निघून गेले.

*

एका बंगल्यात वास्तुवाल्यानं सांगितलं, रेघा खाली येतात, बरकत जाईल. मालकानं चित्र उलटं टांगलं. महिन्याभरात त्याचा साडू आला आणि त्यानं उलटंच छापून मागितलं.

*

अहमदपूरच्या आडतदारानं पाच तुकड्यांत नेलं आणि तुकडे मागेपुढे लावले. सलीमभाई एसटीनं गेले नीट लावायला. आडतदार शिडीच देईना.

"ऱ्हाऊ द्या की भाई. पाव्हणे लई तारीफ करायलेत."

वर जेवू घातलं. परत आल्यावर सलीमभाई एवढंच म्हणाले, मटण चांगलं होतं. त्यांचा राग मला पुरता कळला.

*

मग एका कोचिंग क्लासच्या सरांनी हॉलची अख्खी भिंत दिली. पोरांना टेन्शन येऊ नये म्हणून मॉडर्न आर्ट! रेघांच्या मधल्या जागेत टॉपरचे फोटो बसतील का, हेही विचारून झालं.

आम्ही शेवटचा कोपरा ताणत होतो. सलीमभाई शिडीवर होते. मुलीच्या अॅडमिशनला आलेली एक बाई हॉलमध्ये शिरली. भूकंपात गेलेल्या गावची. मुलगी आत वर्गात बसली होती. बाईनं भिंत पाहिली आणि जागीच थांबली. मग तरातरा वर्गात जाऊन तिनं मुलीला हाताला धरून ओढत बाहेर आणलं.

"समद्या पोरांना भायेर काढा आदी. भिंत फुटलीय."

सर हसायला लागले. मावशी, ते चित्र हाय, म्हणाले. तिला खरं वाटेना. तिनं जवळ जाऊन रेघेवर तळहात फिरवला. कुणी काढलं, विचारलं. सरांनी शिडीकडं बोट दाखवलं.

सलीमभाई खाली उतरले. बाई त्यांच्याकडं बघत राहिली.

"आत कोण होतं तुमचं?"

सलीमभाईंनी दोन नावं सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो.