‘जाते’ म्हणणारी मुलगी

पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलवरून गरम पोईचा वास आला की मला गोव्यातल्या पार्से गावच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. सरकारी योजनेतून आमच्याकडे सांभाळायला आलेली चिमुरडी शाळेला निघताना “जाते” म्हणाली. “जाते म्हणू नये गो, येते म्हण,” मी सहज म्हटलं. तिने हातातली पोई टाकली आणि उंबऱ्यातच हमसून हमसून रडायला लागली. माझं काय चुकलं, काही कळेना. गोंधळून मी पेडण्याला फोन लावला. आम्हा सांभाळणाऱ्यांना आधार द्यायला तिथे एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, “वहिनी, तिची आई ‘येते’ म्हणून गेली, ती गेलीच.” आता पोर बारावीला आहे. अजून “जाते” म्हणूनच निघते, माझ्या छातीत अजून धस्स होतं, आणि संध्याकाळी ती येते.