नराची गाबोळी

आमच्या घरी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, कुणी खात नाही, म्हणून मी नदीचा मासा नेहमी नरच मागते. पुलाखाली मासे विकणाऱ्या सखूबाईने काल मासा चिरला तर आत पिवळे दाणे! मला वाटलं, हिने मादी माझ्या गळ्यात मारली.

"ताई, नरच आहे. ही बघा नराची पांढरी पिशवी. दाणे तिलाच चिकटलेत. हल्ली निघतात असे एखाददुसरे."

मी नदीकडे पाहिलं. शहराचा नाला तिथेच पाण्यात मिसळत होता. वाचलेलं आठवलं: गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं संप्रेरक, लघवीवाटे नाल्यात, तिथून नदीत जातं. मग नराच्या अंगात जन्मभर निजून राहायचं जनुक जागं होतं आणि अंड्यांचा बलक घडवू लागतं; कधी नराच्या पिशवीतच अंडी धरतात. माशाला बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

हे कुणाचं काम? वरच्या अंगाचा औषधांचा कारखाना? पलीकडच्या नव्या सोसायट्या? वाटेत दिसेल त्या गटाराकडे मी संशयाने बघत होते.

दाराशी किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला, तर आधी माझ्याच गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं. अर्धं रिकामं होतं.