न दुखणाऱ्या पायांच्या चपला

कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्याला सगळे तळव्या म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच ते पडून राहिलं. माणूस समोर आला की हा तोंडाकडं न बघता आधी पायाकडं बघायचा. "डावीकडं जास्त झिजवतोस रे," असं म्हणायचा आणि मग कसा आहेस विचारायचा.

मलमपट्टीच्या खोलीमागं त्याची एका खिडकीची खोली. रापी, आरी, मेणलेला दोरा, काळ्या रबराचे तक्ते आणि चिकट्याचा डबा. एवढ्या संसारावर तो एकोणीस वर्षं चपला शिवत होता. तिथल्या चपलेची तऱ्हाच वेगळी. आत बोटानं दाबलं की दबेल असं मऊ रबर, खाली टायर, मागं टाचेला पट्टा. खिळा एकही नाही. जे काही धरून ठेवायचं ते दोऱ्यानं आणि चिकट्यानं.

कारण हा रोग गोळ्यांनी बरा होतो, पुढं कुणाला लागतही नाही. पण तळव्यातली जाण एकदा गेली की गेली. निखाऱ्यावर पाय पडला तरी माणूस गप्पा मारत उभा. दुखणं म्हणजे दारातलं कुत्रं. भुंकतं म्हणून शिव्या खातं, पण ते मेलं की घर उघडं पडतं.

हे शहाणपण तळव्याला आईच्या पोटातून आलेलं नव्हतं. दुसरीकडं काम मिळेना म्हणून तो तिथं आला होता. पहिले आठ दिवस काठीला सुतळी बांधून लांबून मापं घ्यायचा. तेव्हा आत्या हसली होती. आत्या म्हणजे सगळ्या वसाहतीची आत्या. रोग तिच्या फक्त पायांत उतरलेला, हात-तोंड साफ, आणि जीभ तर अगदीच धडधाकट.

"काय रे बाबा, मासे धरतोस का माप घेतोस?"

तो ओशाळला. आत्या खोलीभर फिरून खिडकीपाशी टेकली, आणि तिच्यामागं फरशीवर लाल ठसे उमटलेले त्याला दिसले. चप्पल काढली तर आत सोड्याच्या बाटलीचं झाकण, टाचेत रुतून बसलेलं.

"कधीपासून आहे हे?"

"मला काय ठाऊक? पाय माझा असता तर कळलं असतं."

काठी कुठं पडली त्याला समजलं नाही. उघड्या बोटांनी त्यानं ते झाकण उपसलं. त्या दिवसापासून एक रीत पडली. संध्याकाळी हातमागावरून, मळ्यातून माणसं परत आली की त्याच्या पायरीशी रांग लागायची, आणि तो एकेक चप्पल घेऊन आत अंगठ्यापर्यंत हात फिरवायचा. खडा, काच, सुटलेला टाका, डोळ्याला न दिसणारं बोटाला कळायचं. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय चप्पल दुसऱ्या दिवशी पायात जायची नाही.

यात एकच दुखणं होतं, आणि ते पायाचं नव्हतं. गावात ती चप्पल सगळ्यांना ठाऊक झाली होती. गाडीत बसलेला माणूस आधी काळं रबर बघायचा, मग मागचा पट्टा बघायचा, आणि बाकावरून उठून उभा राहायचा.

आत्यानं लेक चार वर्षांची असताना बहिणीकडं सोडली होती. त्या लेकीच्या मुलीचं आता लग्न निघालं. लेकीचं पत्र आलं, ते आत्यानं तळव्याकडून तीनदा वाचून घेतलं. दोन दिवस ये, लिहिलं होतं. सासरी तू माझी दूरची मावशी आहेस असं सांगितलंय. आणि आई, त्या चपला घालून येऊ नकोस.

"एक जोड कर मला," आत्या म्हणाली. "दुकानातल्यासारखा. टाचेचा."

"डोकं फिरलं का तुझं? पाय जाईल."

"गेला तर गेला. तो असून तरी मला कुठं कळतंय?"

"आत्या, नाही म्हणजे नाही."

ती उठली नाही. खिडकीतून बाहेर बघत बसली. तिकडंच बघत म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्या शेजारी बाकावर कुणी बसलेलं नाही रे. एकदा बसू दे की कुणालातरी."

तळव्या विरघळला. सात दिवस खपून त्यानं जोड केला. तपकिरी, पुढं बंद, आत दुप्पट मऊ रबर. फक्त टाच दोऱ्यावर थांबेना. दोनदा शिवली, दोनदा डुगडुगली. शेवटी त्यानं एकेका टाचेला चार चार बारीक खिळे ठोकले, टोकं वळवली, वरून रबर चिकटवलं आणि आत हात फिरवून फिरवून बघितला. गुळगुळीत होतं.

"नीट ऐक. तासाला एकदा काढायचे. आत कुणाचातरी हात फिरवून घ्यायचा. तुझा नको, तुला घाई असते."

"बरं बाबा, बरं," म्हणत आत्या बूट घालून नव्या नवरीसारखी फाटकाबाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली ती बोलतच. गाडीत दोन बायका तिला खेटून बसल्या होत्या. लेकीच्या सासूनं हाताला धरून पाहुण्यांत फिरवलं. नातीनं वाकून नमस्कार केला तेव्हा लेक तोंड फिरवून आत गेली. "दोन दिवस मी खुर्चीला टेकले नाही बघ. पाणी काय दिलं, पानं काय वाढली! मावशी हे, मावशी ते."

"बूट काढ," तळव्या म्हणाला.

उजव्यात काही नव्हतं. डाव्यात त्यानं हात घातला, आणि तो ओला होऊन बाहेर आला. एका खिळ्यानं रबरातून डोकं वर काढलं होतं.

"आत्या," ओला हात तिच्यासमोर धरत तो म्हणाला, "तासाला कुणालातरी हात घालायला सांग म्हटलं होतं ना?"

आत्याचं हसू तसंच राहिलं. "कुणाला सांगू? दूरच्या मावशीच्या बुटात कोण हात घालतं?"

हाडापर्यंत गेलं होतं. मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापला, पण विष वर चढून बसलेलं. तळव्या रोज जाऊन उशाशी बसायचा. तो रडायला लागला की ती खेकसायची. "गप. मी मागितले म्हणून तू केलेस. दोन दिवस मी माणसांत होते." एकदा मात्र तिनं त्याचा हात घट्ट धरला. "लेकीला कळवू नका. कळलं तर ती रडायला कुठं बसेल?"

अकराव्या दिवशी ती गेली. लेकीला कुणी कळवलं नाही.

तू चांगल्यासाठीच केलंस, असं जो तो तळव्याला सांगायचा, आणि ते त्याला शिवीसारखं लागायचं. दया केली, ती फाटकापर्यंत. फाटकाबाहेर त्या बाईबरोबर एक हातसुद्धा गेला नव्हता, आणि ही साधी गोष्ट बूट शिवताना सात दिवसांत त्याच्या ध्यानात आली नव्हती.

वसाहतीला मदत करणारे लाकूडवाले शेठ महिन्याभरानं आले. माणूस मनाचा चांगला. आत्याचं ऐकून त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "इथं शिलाईचं मोठं मशीन बसवू. आत्याच्या नावाची पाटी लावू."

"मशीन द्या, पाटी राहू द्या," तळव्या म्हणाला. "आणि शेठ, तुमच्या पायाचं माप द्या."

"माझ्या? ते कशाला?"

"हीच चप्पल तुम्ही घाला. घरच्यांनाही घाला. गावातल्या पन्नास धडधाकट पायांत गेली, की ती रोग्याची राहत नाही. मऊ चप्पल होते, बास. मग कुणी बाकावरून उठणार नाही, आणि कुणाला खोटे बूट लागणार नाहीत."

शेठ हसले. मग तो हसत नाही हे बघून थांबले. त्यांनी आपल्या चकचकीत बुटांकडं एकदा पाहिलं. "अरे, देतो म्हटलं ना मी. घालायचं कशाला?"

मशीन आठ दिवसांत आलं, चांगलं आलं. माप काही आलं नाही.

तळव्यानं पहिला जोड स्वतःला केला. तो घालून बाजारात गेला, तर दोन खुर्च्या मोकळ्या असताना न्हावी म्हणाला, आज जागा नाही. गाडीत त्याच्या शेजारचा बाक रिकामा झाला. मलमपट्टीच्या सिस्टरनं एक जोड घेतला, तिचे गुडघे दुखायचे. वसाहतीच्या ड्रायव्हरनं घेतला, पण गावात जाताना तो सीटखाली ठेवायचा. वर्ष गेलं तरी हिशेब दोन्ही हातांच्या बोटांपुढं गेला नाही.

घरात बायकोनं रान उठवलं. "नळावर बायका माझ्याकडं बघतात! तुझ्या नवऱ्याला झालंय म्हणतात. मेलेल्या बाईसाठी जित्या बायकोची अब्रू घालवतोस?" तो ऐकून घ्यायचा. तिचं खोटं नव्हतं. बोलणी तिलाच खावी लागत होती.

एका दुपारी ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माप घे. आणि लवकर घे, गॅसवर भाजी ठेवून आलेय."

त्यानं कागद अंथरला. तिनं पाय ठेवला. तो पेन्सिल फिरवत टाचेपाशी आला, आणि सवयीनं त्याचा अंगठा तळव्याखाली सरकला.

"अगं आई!" तिनं पाय झटक्यात ओढून घेतला. "गुदगुल्या होतात ना, मेल्या!"

पेन्सिल तिथंच थांबली. त्या खोलीत त्यानं हजार पाय धरले असतील. त्याच्या हाताखालून एकही पाय कधी मागं गेला नव्हता. अर्ध्या रेघेवर डोकं खाली घालून तो बसून राहिला. खांदे हलायला लागले.

बायकोच्या तोंडावर आलेली शिवी तोंडातच राहिली. तिला काय कळलं कुणास ठाऊक. पदरानं तळवा पुसून तिनं पाय परत कागदावर ठेवला.

"धर," ती म्हणाली. "आता नाही हलवत."