रुकसाना आणि गारठलेलं प्रवाळ

किकवीजवळ हायवेला आनंदरावांचं हॉटेल होतं आणि तिथं रुकसानाच्या तोंडाला सगळे टरकून असत. भोरची ही बाई झाडलोटीला म्हणून आली आणि तिथलीच होऊन गेली. वेटरनं टेबलावर ओलं फडकं टाकलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मालकापुढं मात्र ती अवाक्षर काढत नसे. नोकरी त्यांच्या हातात होती ना.

तिचा जीव अडकला होता दारातल्या काचेच्या टाकीत. पुण्याच्या एका माणसानं ती बसवून दिली होती. आत खारं पाणी आणि त्यात प्रवाळ. दिसायला दगड, पण जिवंत, पाण्यात बारीक बारीक तोंडं उघडून डुलणारं. पाणी कोमट लागतं, म्हणून आत हीटर. हे सगळं तो माणूस रुकसानाला शिकवून गेला होता. काम आवरलं की ती आणि भाकऱ्या थापणारी सारजाबाई चहा घेऊन टाकीसमोर बसायच्या. सारजाबाई विंझरच्या वरच्या धनगरवाड्यातली, राहायला हॉटेलामागच्या खोलीत. तिला या दगडाच्या फुलांचं भारी कौतुक.

दोन हजार सहाच्या थंडीत लोडशेडिंगनं उच्छाद मांडला होता. त्यात हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा ठरला. जनरेटरवर स्पीकरचा भार पेलेना, म्हणून आनंदरावांनी टाकीची वायर उपटली आणि पुन्हा लावायचं विसरून गेले. सकाळी रुकसानानं पाण्यात बोट घातलं तर पाणी विहिरीसारखं गार. सगळी तोंडं मिटलेली, वर बुळबुळीत चिकटा धरलेला. तिनं वायर लावली आणि पुण्याला फोन करायला काउंटरकडं धावली.

इकडं सारजाबाईला राहवलं नाही. त्यांच्याकडं माघाच्या थंडीत करडू गारठलं की चुलीपुढं घेतात, पोत्यात गुंडाळून खसाखसा चोळतात, की उभं राहतं. तिनं चुलीवरचं आधणाचं पातेलं उचललं आणि टाकीच्या कोपऱ्यात रिकामं केलं. तिथलं प्रवाळ बघता बघता पांढरं पडलं आणि त्याचा गर सुटून पाण्यात तरंगू लागला.

रुकसाना परत आली आणि तिचं डोकं फिरलं.

"शेळ्यांत राहून तुझी अक्कलबी शेळीचीच झाली," ती ओरडली. वेटर बघत होते, नाश्त्याची गिऱ्हाइकं बघत होती. "जनावराच्या जातीला काय कळणार जिवाचं?"

सारजाबाईनं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, खोलीतलं गाठोडं घेतलं आणि समोर थांबलेल्या एसटीत बसली.

गारठलेल्या प्रवाळाला ऊब द्यायची ती हळूहळू, पुण्याच्या माणसानं फोनवर बजावलं होतं. रुकसानानं हीटरचा काटा तळाला आणला आणि दिवसभरात थोडाथोडाच वर सरकवला. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या, बुचं घट्ट लावून, टाकीत तरंगत ठेवायच्या. पाणी फिरतं ठेवायचं, चिकटा नळीनं ओढून घ्यायचा, मेलेलं बाहेर काढायचं, खायला काही घालायचं नाही. उजेड सोसवत नाही, म्हणून टाकीवर चादर टाकलेली.

"दारात मढं झाकल्यासारखं दिसतंय," आनंदराव म्हणाले. "फेकून दे, दुसरं मागवू."

जिवंत वस्तूला फेकून दे म्हणणारा हा कोण टिकोजी, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं चादर नीट केली, बस्स.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी तिनं चादरीचा कोपरा उचलला. मधल्या दगडावर दोन-चार तोंडं उघडली होती. हे कुणाला दाखवू म्हणून ती वळली, तर चहाला सोबत करणारं माणूसच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं विंझरची गाडी धरली.

धनगरवाड्यावर सारजाबाई शेळ्यामेंढरांच्या वाड्यात लेंड्या झाडत होती. तिनं हात धुतले, चहा टाकला, कप पुढं केला.

"दगडाला फुलं आली," रुकसाना म्हणाली. "चल आता."

"म्या चुकले. एक कोपरा माझ्या हातनं मेला, त्ये मला कळतंय," सारजाबाई म्हणाली. "पर वायर कुणी काढली? त्याला काय बोललीस?"

रुकसाना कप खाली ठेवून उठली. चहा तसाच राहिला. उतरणीला लागली तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला होता. ज्याच्यावर चिडायचं त्याच्यासमोर दातखीळ, आणि जी मायेनं धावली तिची चारचौघांत अब्रू घेतली.

हॉटेलात शिरली तेव्हा जेवणाची गर्दी होती. आनंदराव काउंटरवर बसून बडीशेप चघळत होते. ती थेट त्यांच्यापुढं उभी राहिली.

"शेट, टाकीची वायर तुमी काढली. गारठून मेलं त्ये तुमच्यापायी," ती म्हणाली, आणि आवाज पार कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत गेला. "आन् बोलणी खाल्ली सारजाबाईनं. गाडी काढा, धनगरवाड्यावर जा, तिची माफी मागा. म्याबी येते संगं, मलाबी मागायचीय."

माणसांचे घास हातातच राहिले. आनंदराव खुर्चीतून अर्धे उठले.

"अगं, हळू बोल. गिऱ्हाईक ऐकतंय."

"ऐकू दे की," रुकसाना म्हणाली. "तिलाबी म्या गिऱ्हाइकांसमोरच बोलले होते."