मोटर चालू, व्हॉल्व्ह बंद

पिंपळवंडीच्या आरोग्य उपकेंद्रातल्या शोभा सिस्टर नसत्या, तर मी बायकोच्या पोटाला एअर व्हॉल्व्ह बसवून घेतला असता. म्हणून आधी त्यांचं नाव घेतलं; काय घडलं ते आता सांगतो.

मी मूळचा परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली (मी शाळा सोडली की शाळेनं मला, हा वाद घरात अजून चालू आहे) आणि आता इथल्या एका बागायतदाराच्या टोमॅटोचं ठिबक सांभाळतो. धाकटी बालवाडीत जायला लागल्यावर सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलं. परमुलखात जवळचं कोणी नाही, त्यामुळे काळजीचं खातं माझ्याकडे. ते मी मन लावून चालवतो.

काही आठवड्यांनी तिला पाळी आली. माझी समजूत अशी, की ऑपरेशन झालं म्हणजे तो कारभार कायमचा आटोपला. मी तडक उपकेंद्रात.

"सिस्टर, ऑपरेशन फसलं वाटतं."

"फसलं न्हाई भाऊ. पाळी येणारच. बीज दर म्हैन्याला तयार व्हतंच, आपण फकस्त नळी बंद केलीय. आता ते बीज..."

तेवढ्यात मालकांचा फोन. थ्री फेज लाइट आली होती. मी "बरं बरं" म्हणत मोटर लावायला पळालो.

स्टार्टर दाबला आणि तिथंच हिशोब जुळला. बीज तयार होतंय, म्हणजे मोटर चालू. नळी बांधली, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. अशानं काय होतं हे मला शाळेनं नाही, पण पाइपांनी चांगलं शिकवलंय. दाब सोडायला एअर व्हॉल्व्ह नसला, की जॉइंट सुटतो, नाहीतर पाइप उभा चिरतो!

त्या दिवसापासून मी तिला हंडा उचलू देईना. भाकरी मी थापू लागलो (मुली त्यांत महाराष्ट्राचा नकाशा शोधायच्या). तिला शिंक आली की मी धावायचो.

"हळू शिंक. आणि पाणी जरा कमी पी, प्रेशर वाढतं."

"कसलं प्रेशर?"

घाबरेल म्हणून सांगितलं नाही. ती शेजारणीला म्हणाली, "ऑपरेशन माझं झालं, अन् बिघाड यांच्यात."

पंधरवड्यानं, भर दुपारी, ती पोट धरून खाली बसली. "डाव्या अंगाला जरा दुखतंय."

सुटला जॉइंट!

मालक पिकअपमध्ये क्रेट भरून मार्केटला निघाले होते. मी आडवा गेलो.

"काय झालं राव?"

"मालक, बायकोची मेन लाइन फुटली."

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि काही न विचारता दार उघडलं. हिला काही झालं तर दोन मुली घेऊन मी कुणाच्या दारात जायचं, एवढंच वाटभर डोक्यात.

उपकेंद्रात लसीचा दिवस, बायाबाळांनी खोली भरलेली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "सिस्टर, साठलेलं काढा, न्हाईतर एअर व्हॉल्व्ह तरी बसवा."

कोपऱ्यातली एक म्हातारी पदर तोंडाला लावून हलू लागली, आणि तिच्यामागोमाग सगळी खोली.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आधी सुनीताचा ताप पाहिला, पोट तपासलं, पाळीची तारीख विचारली. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, आज लाइट आली तरी उठायचं न्हाई. बीज मोहरीहून लई बारीक असतं. नळीत अडतं अन् एखाद्या दिवसात विरून अंगातच जिरतं. साठत न्हाई, दाबत न्हाई. पुढं जात न्हाई म्हणून मूल राहत न्हाई, एवढंच. ते सुटताना कुणाकुणाला एका अंगाला दुखतं."

"मला तर लग्नाआधीपासून दुखतं," सुनीता म्हणाली. "यांनी कधी विचारलंय?"

"दुखणं वाढलं तर डॉक्टरांना दावायचं. अन् पाळी चुकली तर मातर लगीच पळत या. क्वचित नळीतच गर्भ राहतो, ती खरी घाई. बाकी बाई व्हती तशीच हाय. पाणी पिऊ द्या तिला."

सुनीतानं तिथंच अख्खी बाटली संपवली, माझ्याकडे बघत बघत.

मी हात जोडले. "सिस्टर, तुमचे उपकार कधीतरी फेडीन."

"फेडायचेच तर एक गडी आणा ऑपरेशनला. गड्याचं बाईपरीस सोपं असतं, पण कुणी येत न्हाई."

शब्द दिलाय, एक दिवस आणणारच. ज्याला त्याला बांधावर बसवून समजावतो. बीज, नळी, सगळं आता तोंडपाठ आहे. लोकांना पटतंही. मान डोलावतात आणि विचारतात, "मग तुमी का न्हाई केलं?"

याचं उत्तर सापडलं, की सिस्टरांचा गडी आणलाच समजा.